घाबरणारी मुलं आणि शाळा : खानदेशातलं वर्षभराचं काम

आठवी ते दहावीतली चिंतेनं ग्रासलेली मुलं शोधायची तर आम्ही आधी वर्गात जात नाही, शिपाईमामांकडची गेटपासची वही मागवतो. शाळा सुटण्याआधी कोण घरी गेलं आणि काय कारण सांगून गेलं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. पोट दुखतं, डोकं दुखतं, चक्कर, मळमळ. सुट्या नोंदी वाचून काही कळत नाही. पण शाळा उघडल्यापासून पोळ्यापर्यंतच्या नोंदी वार आणि तास धरून एका कागदावर मांडल्या की बोलायला लागतात. एखाद्याचं पोट फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुखतं, आणि त्याच दिवशी इंग्रजीच्या तासाला उभं राहून वाचायचं असतं. एखादी मुलगी रविवार जोडून सोमवारी हमखास गैरहजर. एखादा पोरगा गणिताच्या तासाला न चुकता लघवीला जातो. ही वही हजेरीपटाशेजारी ठेवून पाहिली की दोनतीन तासांत दहाबारा नावं हाती लागतात, आणि त्यातली निम्मी तरी शिक्षकांच्या बोलण्यात कधी आलेली नसतात. दंगा करणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं. घाबरणारं मूल गप्प बसतं, वही नीटनेटकी ठेवतं आणि नजरेतून निसटतं.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांत आणि आश्रमशाळांत काम करताना जी पद्धत पक्की होत गेली, ती इथे सांगतो. तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. घाबरणाऱ्या मुलाला भीतीच्या जागेपासून लांब ठेवलं की त्याला त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि भीती आणखी घट्ट होते. समुपदेशकाच्या किंवा डॉक्टरांच्या खोलीत फळा नसतो, परिपाठाचा माईक नसतो, हसणारी चाळीस पोरं नसतात. शाळेत हे सगळं असतं, रोज असतं, आणि आपल्याला हवं तेवढंच पुढ्यात ठेवता येतं. म्हणून शाळेतलं काम मुलाला सूट मिळवून देण्यावर थांबता कामा नये. भीतीच्या जागेकडे पायरीपायरीनं न्यायला शाळेइतकी सोयीची दुसरी जागा नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं होतं. त्यात सगळे विकार धरलेले आहेत, नुसती चिंता नाही. तरी साठ मुलांच्या तुकडीत चारेक मुलं एवढा हिशेब मनात ठेवायला हरकत नाही. आपल्याकडे आठवीच्या तोंडावर हे जास्त उफाळतं. मूल गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी करून तालुक्याच्या गावी येतं. वर्ग दुप्पट, एसटीचा प्रवास, आणि पुष्कळ ठिकाणी सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान एकदम इंग्रजीतून. घरात अहिराणी, लेवा बोली, सातपुड्याच्या बाजूला पावरी किंवा भिलोरी. तोंड उघडलं की उच्चार उघडा पडतो आणि मागच्या बाकावरून हसू येतं. त्यानंतर ते मूल हात वर करत नाही.

नावं हाती आली की पहिलं काम शरीर तपासून घेण्याचं, कारण धडधड, थकवा आणि चक्कर हे रक्त कमी असलं तरी होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा या मुलांची यादी हातात ठेवायची आणि हिमोग्लोबिन करून घ्यायचं. किशोरवयीन मुलींमध्ये १२ च्या खाली आलं तर तो रक्तक्षय धरतात. आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते आणि ती मळमळ भीतीच्या खात्यावर जमा होते, म्हणून गोळी जेवणानंतरच द्यायची. नजर तपासायची. फळा दिसत नसणारं मूल फळ्यासमोर जायला घाबरतं. पाळीच्या दिवसांत होणारी गैरहजेरी वेगळी काढायची. बसला उशीर नको म्हणून कोरा चहा ढोसून निघालेलं मूल अकरा वाजता थरथरत असेल तर आधी त्याला खाऊ घालायचं.

नंदुरबार, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या पट्ट्यातल्या आदिवासी मुलांच्या बाबतीत एक गोष्ट कधीही विसरायची नाही: सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. हातापायाचे सांधे, पाठ, छाती दुखते म्हणून रडणाऱ्या मुलाला 'नाटक करतो' किंवा 'टेन्शन घेतो' म्हणण्याआधी त्याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का, कार्ड आहे का, ते बघायचं. दुखण्याचा खरा झटका असेल तर मुलाला दवाखाना लागतो, आपलं बोलणं नाही. दुसरी गोष्ट अक्षरांची. वाचताना अक्षरं उलटसुलट होणारी मुलं परीक्षेला घाबरतात, कारण त्यांना खरंच वाचता येत नाही. त्यांना अध्ययन अक्षमतेची तपासणी आणि प्रमाणपत्र हवं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ही अक्षमता आणि सिकलसेल दोन्ही आहेत, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळू शकतात. हे प्रमाणपत्र दहावीच्या डिसेंबरात धावपळ करून मिळत नाही. आठवीतच तयारीला लागावं.

यानंतर प्रश्नावली. आम्ही चिंता मोजायची जीएडी-७ वापरतो. सात प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. ही प्रश्नावली संपूर्ण वर्गाला वाटू नये. शेजारचा बघून लिहितो, कोणी मोठ्यानं वाचतो, आणि दहाच्या वर पंधरा मुलं निघाली तर त्यांच्याशी बोलायला माणूस नसतो. विचारायचं आणि मग काहीच करायचं नाही, हे न विचारण्यापेक्षा वाईट. एकेकट्याला बसवून, प्रश्न आपण वाचून, गरज पडली तर घरच्या बोलीत सांगून विचारायचं. 'काय व्हयनं? जीव घाबरस का?' असं विचारलं की जे उत्तर येतं, ते छापील प्रश्नाला येत नाही. आकडा हे निदान नाही. तो सुरुवातीला एकदा आणि नंतर सहा आठवड्यांनी एकदा घ्यायचा, म्हणजे फरक पडतो की नाही ते कळतं. आकडा मुलाला किंवा शिक्षकांच्या खोलीत सांगत बसायचं नाही.

बोलायची जागा. स्वतंत्र खोली मिळाली तर उत्तम, पण प्रयोगशाळेचा कोपरा किंवा ग्रंथालयही चालतं. आतलं ऐकू येऊ नये, पण बाहेरून दिसावं, म्हणून दार अर्धं उघडं किंवा खिडकी मोकळी ठेवायची. मुलीशी पुरुष शिक्षक बोलणार असतील तर नजरेच्या टप्प्यात एखाद्या बाई असाव्यात. मुख्याध्यापकांची केबिन नको. तिथे बोलावलं की मुलाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. वेळ वीसपंचवीस मिनिटं, दर आठवड्याला, खेळाच्या किंवा मधल्या सुट्टीच्या वेळेत नाही, कारण मूल ज्याची वाट बघतं तेच हिरावलं तर ते पुन्हा येत नाही. आणि दर वेळी त्याच्या नकोशा तासालाही नाही. गणिताच्या तासाला बोलावत राहिलो तर आपणच त्याला गणितापासून लपवतो.

पहिल्याच भेटीत गुप्ततेची हद्द सांगायची: 'तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. तीन गोष्टी मात्र मला पुढे सांगाव्याच लागतील. तुझ्या जिवाला धोका असला तर, कोणी तुला त्रास देत असलं तर, किंवा तुझ्याकडून दुसऱ्याला धोका असला तर. सांगण्याआधी तुला विचारात घेईन.' हे वाक्य शेवटी आठवून सांगायचं नसतं. मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांकडे कळवणं बंधनकारक आहे. शाळेच्या अब्रूचा विचार तिथे येत नाही.

नंतर पालक. पालकसभेला घाबरणाऱ्या मुलाचे पालक क्वचितच येतात, आले तरी चारचौघांत बोलत नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी कोणाला बोलावणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं. आठवडे बाजाराच्या दिवशी आई गावात येतेच. तिला बाजार उरकून शाळेत डोकवायला सांगितलं की ती येते. चाळीसगाव, नंदुरबारच्या भागातून दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात आणि मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात राहतं. अशा घरांची संमती दिवाळीच्या सुट्टीआधीच घेऊन ठेवावी, फोन नंबर मुकादमाचा नाही तर नातेवाइकाचा घ्यावा.

पालकांशी बोलताना रोगाचं नाव घेऊन सुरुवात केली की दार बंद होतं. 'आमचं पोरगं वेडं नाही' हे पहिलं वाक्य येतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आम्ही शेतातल्या मोटरचं सांगतो: वीज जरा कमीजास्त झाली की स्टार्टर पडतो, मोटर मात्र चांगली असते. पोराचं शरीर तसं जरा लवकर धोक्याची सूचना देतं, त्याला सवयीनं स्थिर करता येतं. हे जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला एका वाक्यात समजतं. त्यानंतर घरासाठी दोनच गोष्टी सांगायच्या, जास्त नाही. सकाळी पोट दुखलं तरी ताप, उलटी, जुलाब नसतील तर शाळेत पाठवायचं. आणि 'काही होणार नाही, घाबरू नको' हे दिवसातून दहा वेळा सांगायचं थांबवायचं. धीर मागत राहणं हीसुद्धा चिंतेचीच सवय असते. एकदा उत्तर द्यायचं आणि पुढच्या वेळी 'तुला काय वाटतं?' असं विचारायचं. घरचे भगताकडे जाऊन आले असतील तर त्यावर वाद घालू नये. 'तिकडे गेलात, ठीक आहे, पण दवाखान्याची तारीख चुकवू नका आणि पोराला मारहाण, उपास, धुरी काही होऊ देऊ नका,' एवढं स्पष्ट सांगावं.

आता मुख्य काम, पायऱ्यांचं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळं ठरतं.

नववीतली मुलगी आहे, सेमीच्या वर्गात, वाचायला उभी राहिली की आवाज बसतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, असं धरा. तिच्याबरोबर बसून कागदावर पायऱ्या लिहायच्या, तिच्याच शब्दांत. प्रत्येकीपुढे भीतीचे गुण ० ते १० तिनंच द्यायचे. रिकाम्या वर्गात एकटीनं मोठ्यानं वाचणं, २. जवळच्या मैत्रिणीला चार ओळी वाचून दाखवणं, ३. बाईंसमोर चार ओळी, ४. चार मुलींच्या गटात परिच्छेद, ५. वर्गात जागेवर बसून एक वाक्य, कधी विचारणार ते आधी सांगून, ६. उभं राहून परिच्छेद, आधी सांगून, ७. तेच आधी न सांगता, ८. परिपाठात माईकवर बातम्या, ९. सुरुवात तीन किंवा चारच्या पायरीवर करायची. दोनच्या पायरीवर वेळ जातो, सातच्या पायरीवर मूल पळतं.

एकच पायरी आठवड्यात तीनचार वेळा करायची. नियम असा की वाचून संपल्यावर भीतीचे गुण सुरुवातीपेक्षा निम्म्यावर येईपर्यंत तिथून उठायचं नाही. चार ओळी वाचून चारच्या चारच असेल तर त्याच ओळी पुन्हा वाचायच्या. शिखरावर असताना थांबवलं तर तिच्या शरीराला 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच कळतं. लागोपाठ दोन दिवस सुरुवातीचेच गुण दोनतीनवर आले की पुढची पायरी. साध्या भीतीत आठ पायऱ्यांना शाळेचं एक सत्र पुरतं, कधी दिवाळीनंतरही काम चालतं.

वर्गातल्या शिक्षकाला यात नेमकं काय करायचं ते लिहूनच द्यावं लागतं. ती अडखळली तर मनात पाच आकडे मोजून थांबा. तरी अडली तर फक्त पुढचा शब्द द्या, पूर्ण वाक्य नाही. वाचन चालू असताना उच्चार सुधारू नका. संपल्यावर वर्गासमोर 'शाब्बास' म्हणू नका, कारण त्यानं सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळतात. नुसतं 'हं, पुढे' म्हणून दुसऱ्याला उठवा. कौतुक नंतर व्हरांड्यात, एकटीला. तिच्यावर एकटीवर झोत पडू नये म्हणून त्या पंधरवड्यात साऱ्या वर्गाचं वाचन जोड्यांनी घ्यायचं. हसण्याचा बंदोबस्त आधी करायचा असतो. हसू आल्यावर रागावून उपयोग नाही, मग ते वर्षभर तिला त्यावरून चिडवतात.

आणखी एक बारीक गोष्ट. मुलं घाबरताना काही आडोसे धरतात: मैत्रिणीचा हात, पुस्तक तोंडासमोर, भराभर वाचून मोकळं होणं, ओठांतल्या ओठांत पुटपुटणं. सुरुवातीला ते चालू द्यायचे. पण पाचव्या-सहाव्या पायरीपासून एकेक काढायचा, नाहीतर मुलगी वाचते पण भीती कमी होत नाही, आणि कारण कळत नाही.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा चार ठिकाणी. पायऱ्या मोठ्यांनी ठरवल्या आणि मुलानं फक्त मान हलवली. बदली तासाला आलेल्या शिक्षकाला काही माहीत नव्हतं आणि त्यानं तिलाच उठवलं. दिवाळीची सुट्टी पडली आणि परतल्यावर जिथे थांबलो तिथूनच सुरुवात केली, तेव्हा दोन पायऱ्या खाली उतरूनच पुन्हा सुरू करायला हवं असतं. आणि चौथं, सगळ्यात नेहमीचं: एखाद्या मायाळू बाईंनी 'राहू दे, तिला नका विचारू' असं स्टाफरूममध्ये जाहीर केलं. त्या दिवसापासून मुलीला कोणी काही विचारत नाही, ती निवांत होते, आणि दहावीच्या तोंडी परीक्षेला पुन्हा तिथेच येऊन उभी राहते. या मायेला आवर घालणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, कारण ती खरी माया असते.

म्हणूनच बाहेर जाण्याच्या कार्डालाही कुंपण घालावं लागतं. फारच घाबरल्यावर मूल न बोलता बाकावर कार्ड ठेवून बाहेर जाऊ शकतं, ही सोय चांगली आहे. पण वेळ पाच मिनिटं, जागा ठरलेली (पाण्याची टाकी किंवा ग्रंथालय, घर नाही), दिवसातून दोनदाच, आणि परत वर्गात येणं बंधनकारक. दर महिन्याला एकूण वापर मोजायचा. तो वाढत असेल तर कार्ड आधार राहिलेलं नाही, पळवाट झालं आहे.

शाळाच सोडून घरी बसलेल्या मुलाचं काम याच धर्तीवर, पण घाईनं. जितके दिवस घरी जातात तितकं परत येणं कठीण. पहिल्या आठवड्यात कोणीतरी घरी जायलाच हवं. मग पहिले दोन दिवस शाळेच्या फाटकापर्यंत, नंतर एक आवडता तास, नंतर मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. दोनतीन आठवड्यांत हे बसतं. घरी असताना मोबाइल आणि टीव्ही शाळेच्या वेळेत बंद, हे पालकांकडून आधी कबूल करून घ्यावं. बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांत भीती शाळेची नसून बसची असू शकते: गर्दी, छेडछाड, उभ्यानं प्रवास. ते आधी विचारावं. छेडछाड होत असेल तर तिथे मुलीच्या मनाला पायऱ्या चढायला लावणं अन्याय आहे. आगारप्रमुखाकडे आणि पोलिसांकडे जायचं.

जीव घाबरा होण्याचा झटका वर्गातच आला तर गर्दी हटवायची, एकच माणूस जवळ थांबायचं. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी पार करतो, त्यामुळे आधी दोन गोष्टी बघायच्या: अंग तापलंय का, आणि मूल नीट उत्तर देतंय का. अंग भट्टीसारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध, उलट्या, असं असेल तर तो उष्माघात समजून सावलीत न्यायचं, अंग ओलं करायचं आणि १०८ ला फोन. भीतीचा झटका असेल तर तो साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो आणि ओसरतो. 'हे भीतीनं होतंय, धोका नाही, उतरेल, मी इथेच आहे,' एवढंच सावकाश बोलायचं. मोठे मोठे श्वास घ्यायला सांगू नका. मूल आधीच जास्त श्वास घेत असतं, म्हणून बोटांना मुंग्या येतात. सोडण्यावर भर द्यायचा, चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. तोंडाला पिशवी लावायची नाही. कांदा नाही, चप्पल नाही. ओसरल्यावर पाणी, आणि शक्य तर त्याच तासात परत वर्गात. छातीत दुखण्याचा झटका पहिल्यांदाच आला असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवायचंच. आणि हा श्वास झटका आल्यावर शिकवून जमत नाही. शांत असताना रोज पाच मिनिटं, दोन आठवडे करून घेतलेला असला तरच वेळेला सापडतो.

आश्रमशाळेतल्या मुलींच्या वसतिगृहात कधी एक मुलगी बेशुद्ध पडते आणि तासाभरात पाचसहा पडतात. तिथे प्रत्येकीला वेगवेगळ्या खोलीत, एकेका मोठ्या बाईजवळ ठेवायचं, एकीचं दुसरीला दिसू द्यायचं नाही, मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना बाहेर काढायचं. पाणी आणि जेवणाची खात्री करून घ्यायची, कारण अन्नातून बाधाही अशीच सुरू होते, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासेपर्यंत 'हे मनाचं आहे' असं कोणी म्हणायचं नाही. पहिली पडलेली मुलगी कशानं हादरली होती, ते चारपाच दिवसांनी, शांतपणे विचारायचं. तिथेच खरं कारण असतं: घरी जाऊ न देणं, कोणाचा धाक, कधी ठरलेलं लग्न. अठराच्या आतलं लग्न ठरत असेल तर गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवता येतं.

परीक्षेची भीती वेगळी हाताळावी लागते, कारण तिच्यात माहितीचा अभावही असतो. 'नापास झालो तर काय?' याचं उत्तर मुलाला कोणी देत नाही, सगळे 'तू होशीलच पास' म्हणतात. आम्ही ते कागदावर मांडतो. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं या विषयांत लेखी ८०, अंतर्गत २०. एकदोन विषय राहिले तर एटीकेटीनं अकरावीत प्रवेश मिळू शकतो. पुरवणी परीक्षा असते. पेपर संपताना दहा मिनिटं जादा मिळतात. शेवटचं टोक कुठे आहे ते दिसलं की बरीच मुलं अभ्यासाला बसतात. जानेवारीच्या सराव परीक्षेत निदान दोन पेपर पूर्ण वेळेचे, अनोळखी बाकावर, अनोळखी पर्यवेक्षकासमोर द्यायला लावायचे. केंद्र दुसऱ्या शाळेत असेल तर आधी एकदा नेऊन आणायचं, लघवीची जागा आणि पाण्याची जागा दाखवायची. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर सगळं विसरल्यासारखं झालं तर पेन खाली, तीन सावकाश श्वास, आणि येणारा सगळ्यात सोपा प्रश्न आधी. हे सराव परीक्षेतच करून घेतलेलं असावं.

निकालाच्या दिवसाची तयारी वेगळी करावी. निकाल दुपारी लागतो तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि मूल घरी एकटं असतं. आमच्याकडे अशा मुलांची यादी असते, आणि प्रत्येक नावापुढे त्या दुपारी फोन कोण करणार त्याचं नाव. आदल्या आठवड्यात पालकांना स्पष्ट सांगतो की फवारणीची औषधं घरात ठेवू नका. कापूस आणि केळीच्या भागात ती माळ्यावर, पलंगाखाली, कधी पाण्याच्या माठाशेजारी असतात. शेतातल्या खोलीत, कुलपात, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. उरलेलं औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. मनात येणारा तो विचार बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ विष हाताशी नसलं तर जीव वाचतो.

म्हणूनच शंका आली की सरळ विचारायचं: 'जगू नये असं वाटतं का? काही करायचं मनात आलं का? कसं, ते ठरवलंय का?' विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरते ही समजूत खोटी आहे. उलट विचारणारा कोणी भेटला म्हणून मूल मोकळं होतं. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, पालकांना त्याच दिवशी समोरासमोर बोलवायचं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सोबत राहायचं. वेळ, बोललेले शब्द, कोणाला कळवलं, हे लिहून ठेवायचं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. आम्ही तो वहीच्या आतल्या पानावर लिहून घेतो. भिंतीवरच्या फलकावरून नंबर उतरवायला मुलं लाजतात.

पुढे कधी पाठवायचं? सहा आठवडे पायऱ्या नीट करूनही काही हललं नाही, दोन आठवड्यांवर शाळा बुडाली, झोप आणि जेवण तुटलं, हात सतत धुणं किंवा तेच तेच तपासणं सुरू झालं, स्वतःला इजा, कानात आवाज, यातलं काहीही दिसलं तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे. तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत मनोविकार पथकाचे वार ठरलेले असतात, ते फोन करून विचारून घ्यावेत, नाहीतर माणूस शंभर किलोमीटर जाऊन हात हलवत परततो आणि पुन्हा जात नाही. किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकही असतं. चिठ्ठी अर्ध्या पानाची पुरे: काय दिसतं, कधीपासून, किती दिवस शाळा बुडाली, शाळेत काय केलं, जीएडी-७ चे दोन्ही आकडे, इतर आजार. निदान आपण लिहायचं नाही. शाळेतलं कोणीतरी पहिल्या खेपेला सोबत गेलं तर दुसरी खेप होते, एवढा आमचा अनुभव पक्का आहे. गोळ्या सुरू झाल्या तर परिणामाला काही आठवडे लागतात आणि डॉक्टरांना न विचारता त्या बंद करायच्या नसतात. शिक्षकांनी 'या वयात गोळ्या कशाला' हे वाक्य उच्चारू नये. त्या एका वाक्यानं गोळ्या सुटलेल्या आहेत.

या सगळ्याचा मेळ शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटांत बसतो. वर्गशिक्षक, समुपदेशनाचं काम पाहणारे शिक्षक, वसतिगृह असेल तर अधीक्षिका. प्रत्येक मुलाबद्दल दोनच प्रश्न: या आठवड्यात कोणती पायरी झाली, पुढच्या आठवड्यात कोणती आणि कोणाच्या तासाला. घरची भांडणं, बापाची दारू, मुलानं खासगीत सांगितलेलं, यातलं काही तिथे काढायचं नाही. ती नोंद वेगळ्या वहीत, कुलपात असते, नावाऐवजी क्रमांक टाकून.

एप्रिलअखेर वर्ग बदलण्याआधी प्रत्येक मुलासाठी एक पान तयार करतो. कुठून सुरुवात झाली, कोणती पायरी गाठली, अडखळलं तर शिक्षकानं काय करायचं, काय करायचं नाही. ते पान आधी मूल वाचतं. त्याला नको असलेलं वाक्य खोडतो आणि मगच नव्या वर्गशिक्षकाला देतो. दहावी होऊन भुसावळ, जळगाव, नाशिकला अकरावीला जाणाऱ्या मुलाला हे पान, केसपेपरची झेरॉक्स आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच्याच हातात द्यायची, कारण नव्या कॉलेजात त्याच्याबद्दल सांगायला तिथे आपल्यापैकी कोणी नसतं.